तौबेला औषधाची जोड

रमजानच्या आधीच्या जुम्म्याला अनेक मशिदींतून तंबाखूविरोधात बयान होते. ते व्हावेच, त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो बयानानंतर येणाऱ्या एका वाक्यावर: “मनात पक्के केले की सुटते.” ज्याची सुटत नाही त्याचा इमान कच्चा, इरादा कच्चा, असा त्याचा अर्थ निघतो. मग तो माणूस बिडी सोडत नाही, ती लपून ओढू लागतो. डॉक्टरकडे तर तो जातच नाही, कारण पापावर औषध कुठे असते?

पण निकोटिनचे व्यसन हा मेंदूचा आजारही आहे. धूर आत घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. मेंदू त्याला सरावतो आणि ते मिळाले नाही की चिडचिड, झोप उडणे, कशातच लक्ष न लागणे सुरू होते. याच अवस्थेत बहुतेकांचे प्रयत्न पहिल्या काही दिवसांत मोडतात. हा त्रास कमी करणारी औषधे आहेत आणि ती एकत्र दिली तर अधिक उपयोग होतो का, याच्या चाचण्या जगात झाल्या आहेत.

दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ४४६ धूम्रपान करणाऱ्यांना व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या दिल्या गेल्या. निम्म्यांना सोबत निकोटिनची खरी पट्टी, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण निकोटिन नसलेली. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना माहीत नव्हते. बारा आठवड्यांनी दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी ५५.४ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, फक्त गोळीवाल्यांपैकी ४०.९ टक्के. चोवीस आठवड्यांनी हे प्रमाण ४९ आणि ३२.६ टक्के होते. पट्टीमुळे त्वचेचा त्रास मात्र जास्त जणांना झाला.

इथेच थांबलो असतो तर ही जाहिरात झाली असती. २०२१ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधून आणखी मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. १,२५१ जणांचे चार गट केले होते: काहींना एकटी गोळी, काहींना गोळी आणि पट्टी, काहींना बारा आठवडे, काहींना चोवीस. वर्षाअखेरीस चारही गटांत जवळपास सारखेच, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश लोक सिगारेटविना राहिले होते. जोड दिल्याचा वेगळा फायदा तिथे दिसला नाही. दुसऱ्या एका जोडीबाबत मात्र पुरावा भक्कम आहे. दिवसभर थोडे थोडे निकोटिन देणारी पट्टी आणि तलफ आली की चघळायचा गम किंवा गोळी, हे दोन्ही मिळाले तर एकट्या प्रकारापेक्षा यश सुमारे सव्वापट होते.

या आकड्यांतून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, चांगली औषधे आणि तज्ज्ञांची देखरेख असूनही वर्षभरात चारांपैकी तिघे परत फिरतात. तेव्हा आपल्या मोहल्ल्यात कसल्याही मदतीविना धडपडणाऱ्याला नालायक ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसरी, एखादा उपाय पटण्याजोगा वाटतो म्हणून तो खरा ठरत नाही, तो तपासावा लागतो. धर्माच्या नावाने चाललेल्या रूढींना आपली चळवळ पुरावा मागते. औषधाबाबतही तोच नियम हवा.

आता आपल्याकडे पाहू. या दोन्ही चाचण्या सिगारेट ओढणाऱ्यांवर झाल्या. भारतात सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे आणि मशेरी लावणारे २४.४ टक्के. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार झोप उडवायला गालात तंबाखू धरतो. घरातली बाई मशेरीने दात घासते आणि तिला ते व्यसन वाटतच नाही. औषधांच्या जोडीचा यांना किती उपयोग होतो, हे आपल्याच माणसांवर, आपल्याच सरकारी रुग्णालयांत, त्यांची रीतसर संमती घेऊन तपासले गेले पाहिजे.

औषध हाताशी असणे हाही प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या केंद्र सरकारच्या २०२२ च्या यादीत निकोटिन बदली उपचार आला. पण यादीतले औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर मिळाले तरच त्याला अर्थ. बिडीचे बंडल काही रुपयांत मिळते आणि पट्ट्यांना महिन्याला बरेच पैसे मोजावे लागतात, तोवर गरीब माणूस बिडीच घेणार.

रमजान ही मोठी संधी आहे. एरवी तासाला बिडी पेटवणारा माणूस तेरा-चौदा तास तिच्याविना राहतो आणि इफ्तारची खजूर खाऊन होताच बाहेर जाऊन पेटवतो. त्या तासांना उपचाराची जोड देता येते. त्वचेवरच्या औषधी पट्टीने रोजा तुटत नाही, असा ठराव जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९९७ मध्येच केला आहे. गम इफ्तारनंतर चघळता येतो. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी, फिट येणारे आणि मानसिक आजाराची औषधे घेणारे यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये.

म्हणून जमातींच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे: या वर्षी बयानाच्या दिवशी मशिदीच्या आवारात एक टेबल मांडा. तिथे एक डॉक्टर बसवा, बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा आणि १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. जकातीचा पैसा गरजूंच्या उपचाराला देता येईल का, हे आपल्या उलेमांना विचारा. नगरसेवक आणि आमदारांना विचारा की आपल्या आरोग्य केंद्रात पट्टी आणि गम कधी येणार. आणि ईदनंतर कोणी पुन्हा बिडी ओढताना दिसला तर त्याला टोमणा मारू नका, त्याला पुन्हा त्या टेबलापर्यंत घेऊन या.