विमान स्वतः बांधलं, मग नाव साहेबांचं का?

मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते देशाने पाहिलं. पण कागद हलत नव्हता. मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली. उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. नोंदणीची अक्षरं काय? व्हीटी-एनएमडी. म्हणजे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र!

यादवांच्या जिद्दीला सलाम. त्यांच्या कृतज्ञतेवरही माझा राग नाही. राग आहे तो या व्यवस्थेवर. इथे नागरिकाला स्वतःच्या कष्टाचा कागद मिळाला, तरी कुणाचे तरी उपकार झाल्यासारखं वाटतं.

आता सांगलीकडे या. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिराने भंगारातून, सुमारे साठ हजारांत छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ गाजला. एका बड्या उद्योगपतीने ती जीप मागितली, बदल्यात नवी बोलेरो दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण अशी गाडी तपासून रस्त्यावर आणायचा सोपा मार्ग त्या कारागिराला मिळाला का? नाही. हुनर त्याचं, बक्षिसी मालकाची. हे नव्या काळातलं बलुतंच आहे, दोस्तांनो!

बलुत्यात काम ठरलेलं असतं, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. मर्जी म्हणजे काय, हे ते साताऱ्याच्या शाळेतच शिकले होते. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. मास्तरांची परवानगीही पुरत नसे, शिपायाने नळ सोडला तरच पाणी.

कुणी म्हणेल, विमान पडलं तर माणसं मरतील, नियम कडक हवेतच. अगदी बरोबर. पण कडक नियम वेगळा आणि बंद नळ वेगळा. अमेरिकेत लोक विमानाचे सुटे भाग संच म्हणून विकत घेतात आणि घरच्या गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकून जोडतात. निम्म्याहून जास्त काम हौस किंवा शिक्षण म्हणून स्वतः केलेलं असेल, तर 'प्रायोगिक' गटात तपासणी होते, ठरावीक तास चाचणी उड्डाणं करावी लागतात. अशी हजारो विमानं तिथे उडतात. त्यासाठी कुणी राष्ट्राध्यक्षांच्या दारात उभं राहत नाही.

आणि आपल्याकडे? पुष्पक विमानाच्या गप्पा! २०१५ च्या मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी मात्र १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं, की 'वैमानिक शास्त्रा'तली विमानं उडूच शकत नाहीत. पोथीतलं विमान विनापरवाना उडतं, पत्रा ठोकणाऱ्याचं जमिनीवर कुजतं.

यादवांकडे निदान वैमानिकाचा पेशा होता, गच्ची होती. कराडच्या किंवा मिरजेच्या आयटीआयमधून वेल्डर, फिटर होऊन निघणाऱ्या आपल्या वस्तीतल्या पोराकडे काय आहे? त्याच्यासाठी कोणता मुख्यमंत्री फोन करणार?

म्हणून मागणी स्पष्ट करा. साध्या मराठीत लिहिलेला नियम, निर्णयाची ठरलेली मुदत, नकार दिला तर लेखी कारण आणि आयटीआयच्या कार्यशाळेत बनवून बघायची मोकळीक. सत्कार नको, शाल-श्रीफळ नको. नळाला हात लावायचा हक्क हवा.

जय भीम!