स्वस्तातलीच बंदूक घ्या, भाऊ!

आमच्या दिग्रसकडे कुणी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज करायला घेतला, की घरात लग्न ठरल्यासारखी सल्लागारांची रीघ लागते. कोणती घ्यायची? उत्तर ठरलेलं. "घेतच आहेस तर चांगली घे, पैशाकडे पाहू नको." आणि चांगली म्हणजे काय, तर महाग. टीव्ही, मोबाईल, बंदूक.. सगळ्याला एकच माप!

माझं मत बरोबर उलटं आहे आणि ते मी सरळच सांगतो. पीक राखायला बंदूक घ्यायची असेल, तर धड चालणारी आणि त्यातल्या त्यात स्वस्त अशी १२ बोअरची साधी बंदूक घ्यावी. रायफल घेऊ नये. पैसे कमी आहेत म्हणून नव्हे. पैसे असले तरी घेऊ नये.

हा वाद सध्या आमच्याच घरात चालू आहे. चुलतभावाला अर्ज भरायचाय आणि कोणतं हत्यार हवं ते अर्जातच लिहावं लागतं. खर्चात माझाही वाटा आहे (पुण्यात बसून शेतीला मी यापेक्षा जास्त काय हातभार लावणार?), त्यामुळे मत द्यायचा हक्क मी स्वतःच स्वतःला बहाल केलाय :) भावाचं म्हणणं एका वाक्यात असं: "एकडाव घ्यायचीच हाय तं दमदार घेऊ न बाप्पा, लोकं काय म्हंतीन?"

तर मंडळी, लोक काय म्हणतील ते बाजूला ठेवून आमच्या धंद्यात करतात तसं करू. आधी गरज लिहू, मग वस्तू बघू.

गरज काय? शेतात कापूस, तूर, सोयाबीन. रात्री रानडुकरांचा कळप येतो आणि एका रात्रीत उभ्या पिकात नांगर फिरवल्यासारखं करून जातो. रोही येतात ते वेगळेच. जागलीला जाणारा माणूस पन्नाशीचा, हातात बॅटरी, अंधार, समोर पन्नास पावलांवर काहीतरी हलतंय. आजूबाजूला दुसऱ्यांची शेतं आणि त्या शेतांमध्येही असेच जागलीला बसलेले लोक. बंदुकीचं खरं काम दहातल्या नऊ वेळा एकच, बार काढून कळप पळवणं. प्रत्यक्ष जनावर मारायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, आणि परवानगीने मारलेलं डुक्करसुद्धा कायद्याने सरकारचं. घरी आणून रस्सा करता येत नाही. तेव्हा "बंदुकीचे पैसे वसूल होतील" हा हिशेब आधीच खोडून टाका.

आता उमेदवार.

पहिला उमेदवार थेट सिनेमातून आलेला, लिव्हर अ‍ॅक्शन रायफल. चापाखालची कडी खाली-वर केली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवीन काडतूस आत. घोड्यावरचा काउबॉय करतो तेच. भावाच्या मोबाईलवर याचे व्हिडिओ रोज चालू असतात. पण या रायफलीची खरी गोष्ट त्याला माहीतच नाही. जॉन ब्राउनिंगने घडवलेली विंचेस्टर १८९४ सत्तर लाखांहून जास्त विकली गेली, ती श्रीमंत शिकाऱ्यांच्या जिवावर नव्हे. अमेरिकेतला साधा शेतकरी, गुराखी ती घ्यायचा, कारण ती परवडायची, हलकी होती आणि तिची काडतुसं गावच्या दुकानात मिळायची. आजही तिथे ज्याला नवी विंचेस्टर किंवा मार्लिन परवडत नाही, तो ब्राझीलच्या रॉसी कंपनीची आर-९२ घेतो. ती १८९२ च्या विंचेस्टरची स्वस्त आवृत्ती. रिव्हॉल्व्हरचं काडतूस तिच्यातही चालतं, म्हणजे दोन हत्यारांना एकच दाणागोटा. तो शहाणा माणूस आहे.

आणि आपण काय करतो? त्याच्या शहाणपणाऐवजी त्याची रायफल उचलतो! भारतात खाजगी माणसाला बाहेरून बंदूक आणणं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. त्यामुळे इथे फिरणाऱ्या जुन्या विंचेस्टर म्हणजे बहुतेक त्याआधी आलेला, हातोहात विकला जाणारा माल. अमेरिकेत जी गरिबाची म्हणून ओळखली गेली ती इथे हौशी लोकांची मिरवायची वस्तू झालीय. वर तिची काडतुसं शोधत फिरा, आणि कडीची स्प्रिंग तुटली तर मिस्त्री शोधा. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने हे घेणं म्हणजे नांगरटीला व्हिंटेज मोटार जुंपणं.

दुसरा उमेदवार देशी रायफल. यात ३१५ बोअर आणि त्याहून जोरकस थर्टी-ओ-सिक्स. ३१५ ची गंमत बघा. सरकारी फौजेचं काडतूस ३०३, ते लोकांच्या हाती नको ही इंग्रजांची भीती. म्हणून रायफलीचा सांगाडा ली-एनफिल्डचा पण काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखरचं, असा जोड जमवला गेला. इंग्रज गेले, ३०३ वरची बंदी राहिली आणि ३१५ इशापूरच्या कारखान्यात बनत राहिली. मजबूत, साधी, वर्षानुवर्षं टिकणारी. वस्तू म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे. फक्त आमच्या कामाची नाही.

का नाही? कारण गोळी थांबत नाही.

हा माझा मुख्य मुद्दा, बाकी सगळे मुद्दे सोडले तरी चालतील. रायफलची गोळी नेम चुकला तर दोन-तीन किलोमीटर सहज जाऊ शकते. जंगलात टेकडीच्या पोटाला उभं राहून मारणारा शिकारी वेगळा. आपल्याकडे रान सपाट, वावराला वावर लागून, मध्ये पांदण, पलीकडे तांडा. अंधारात डुकरावर सोडलेली गोळी डुकराला लागली नाही तर ती कुणाच्या मचाणापर्यंत जाईल हे कोण सांगणार? आणि नुसतं पळवायला हवेत बार काढायचा म्हटलं, तर रायफलने हवेत बार काढणं हा शुद्ध वेडेपणा. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. १२ बोअरचे छर्रे मात्र काही शे मीटरमध्ये जीव सोडतात. "लांब मारत नाही" ही लोकांनी सांगितलेली तिची खोट. माझ्या लेखी हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

गंमत म्हणजे ही अक्कल कायद्यालाही आहे. शस्त्र कायदा १९५९, कलम १३ काढून वाचा. पीकसंरक्षणासाठी तिथे पहिलं नाव आहे ठासणीच्या बंदुकीचं. ती पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, म्हणजे आपली १२ बोअर. पीक राखायच्या त्या तरतुदीत रायफलचं नाव नाही. ज्यांनी कायदा लिहिला त्यांच्यापुढे शेतकरी होता, काउबॉय नव्हता.

काडतुसांचंही तसंच. १२ बोअरची काडतुसं आपल्या पुण्यात, खडकीच्या कारखान्यात बनतात. बारीक छर्ऱ्यापासून एलजीपर्यंत प्रकार मिळतात. एकनळी किंवा दुनळी बंदूक उघडली की आत काडतूस आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं, बॅटरीच्या उजेडातही. अर्धवट झोपेत असलेल्या माणसासाठी यापेक्षा मोठी सोय कोणती? पंप अ‍ॅक्शन, पाच गोळ्यांचं मॅगझीन, दुर्बीण.. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे अंधारात विसरायची आणखी एक गोष्ट. आमच्याकडे याला ओव्हर-इंजिनिअरिंग म्हणतात आणि त्याचे परिणाम शनिवारी रात्री दोन वाजता भोगावे लागतात. शेतात ते भोगणारा माणूस कीबोर्डसमोर नसतो, एवढाच फरक.

आता समोरच्या बाजूचंही ऐकून घेऊ.

"वाघ आला तर?" जिल्ह्यात टिपेश्वर आहे. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीने काय दहशत बसवली होती ते सगळ्यांनी पाहिलंय. भीती खोटी नाही. पण वाघ पहिल्या अनुसूचीत आहे, पिकाच्या नावाखाली त्याच्यावर गोळी झाडता येत नाही, बंदूक कितीही महाग असो. जीव वाचवायची वेळ आलीच तर ती पाच-दहा पावलांवर येईल, आणि तिथे दुर्बीण लावलेल्या रायफलचा काय उपयोग? वाघाची भीती दाखवून रायफल विकत घ्यायला लावणं म्हणजे भूकंपाची भीती दाखवून छत्री विकणं.

"रोही दीडशे मीटरवर उभा राहतो, छर्ऱ्याला दाद देत नाही." हा आक्षेप मात्र खरा आहे, मान्य. लांबचा रोही मारायचा असेल तर रायफलच हवी. पण ते काम परवानगी घेऊन, दिवसाउजेडी, मागे मातीचा बांध बघून, नेम पक्का असलेल्या माणसाने करायचं. वर्षातून हातावर मोजण्याएवढीसुद्धा ज्याला सरावाची काडतुसं उडवायला मिळत नाहीत, त्याने नव्हे. रायफल विकत मिळते हो, नेम कुठे मिळतो?

"दोन पैसे जास्त गेले तर गेले, पिढ्यान् पिढ्या टिकेल." टिकेल ना! पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. कुणाची जमा करायची हे छाननी समितीने बघायचं असतं, पण नोटीस आली की शेतकरी मुकाट्याने जमा करून येतो. विधानसभेच्या मागच्या तीन निवडणुका बघा. १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, तूर फुलोऱ्यात-शेंगेत.. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा! तुमची लाखमोलाची रायफल त्या दिवसांत ठाण्याच्या खोलीत पिढ्यान् पिढ्या टिकत पडणार.

म्हणून सगळा पैसा बंदुकीत घालायचाच नाही. साधी बंदूक घेऊन जे वाचेल त्यात सौर झटका मशीनचं कुंपण करा. १२ व्होल्टची बॅटरी, सेकंदाला साधारण एक अतिशय क्षणिक झटका. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. त्याला परवाना लागत नाही, आचारसंहिता लागत नाही आणि ते रात्रभर जागतं. बंदूक त्याच्या मागची दुसरी फळी.

हे मी एवढं तावातावाने सांगतोय त्याला कारण आहे. विदर्भात दर हंगामात लोक वैतागून कुंपणाच्या तारेत सरळ घरगुती वीज सोडतात. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि माणसंही मरतात. कधी शेजारी, कधी घरातलंच कुणी. बेकायदा आहे हे त्यांना माहीत असतं. पण "चांगली" बंदूक परवडत नाही, साधी घ्यायची लाज वाटते, झटका मशीन म्हणजे खेळणं वाटतं, आणि मग आकडा टाकलेली तार फुकट पडते. महाग तेच चांगलं, हे जे आपण चारचौघांत सहज बोलून जातो ना, त्याची किंमत त्या तारेवर मोजली जाते.

तेव्हा अर्जात साधी १२ बोअर लिहा. सेकंड हँड मिळाली तरी जाणकार मिस्त्रीकडून नळी तपासून, परवान्यावर रीतसर नोंद करून घ्या. लोक हसतील दोन दिवस. तूर तर घरी येईल! अमेरिकेतल्या त्या शेतकऱ्याकडून उसनं घ्यायचंच असेल, तर रायफल नको, त्याचा हिशेब घ्या. आपल्याला परवडेल ते, आपल्या गावात मिळेल ते, आपल्या हातात बसेल ते.

भावाला अजून पटलेलं नाही. अर्जाची ती ओळ अजून कोरीच आहे. असो. पुढच्या शनिवारी पुन्हा भांडू.