डबा जित्ता, दुभाष्या मेला



मागच्या लेखानंतर बरेच दिवस काही लिहिलं नाही. तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. आज जरा रागातच लिहायला बसलो आहे, तेव्हा शब्द कमीजास्त झाला तर सांभाळून घ्या. पस्तीस वर्षं वर्गात ओरडलेला माणूस आहे, सवय जात नाही!

विषय माझ्या प्रांतातला नाही. मी मराठी शिकवलं. गिटार मी आयुष्यात हातात धरलेली नाही. पण माझा धुळ्याचा भाचा ती वाजवतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा आणि एरवी घराच्या मागच्या खोलीत अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग, यावर त्याचं घर चालतं. २००८ साली मी निवृत्त झालो तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्याला एक यंत्र घेऊन दिलं होतं. गिटारची वायर त्यात घालायची आणि पायाने बटण दाबलं की कधी आवाज देवळाच्या गाभाऱ्यात घुमल्यासारखा येतो, कधी करवतीसारखा. इंग्रजीत त्याला इफेक्ट प्रोसेसर म्हणतात. आमच्या घरात त्याला 'डबा' म्हणतात. त्याला माइकसाठीही भोक आहे, आणि यूएसबीची वायर जोडली की गिटार आणि गाणं दोन्ही थेट संगणकात जायचं.

आता झालं असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. भाच्याचा संगणक जुना. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती त्यात नव्हती. दिवाळीत कर्ज काढून त्याने नवा संगणक घेतला. डबा जोडला. हिरवा दिवा लागला, पाय मारला की आवाजही बदलत होता, पण संगणकाला त्याचा पत्ताच नाही. रात्री भाच्याचा फोन आला,

"मामा, डबा जित्ता शे, पन कंप्युटर त्याले वळखत नही."

हे वाक्य माझ्या डोक्यात अजून घुमतं आहे.

मी चार दिवस खपून यातलं मर्म समजून घेतलं, ते तुम्हालाही सांगतो. डब्याची भाषा वेगळी, संगणकाची वेगळी. मधे एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या डब्याचा दुभाष्या कंपनीने फक्त ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिला होता. विंडोज १० मध्ये ३२ बिटांचाही प्रकार होता, म्हणून इतकी वर्षं निभावलं. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे, आणि त्यात ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. म्हणजे डबा धडधाकट आणि दुभाष्या मेला. कंपनीला भाच्याने पत्र लिहिलं. उत्तर आलं की हे मॉडेल आता आमच्या यादीत नाही, आमची नवी मॉडेलं पाहावीत. नवं मॉडेल म्हणजे त्याची एका लग्नसराईची कमाई.

इथे काही शहाणे म्हणतील, "सर, काळाबरोबर बदलावं लागतं. सतरा वर्षं वापरलात, आणखी काय हवं?" त्यांचं निम्मं मला मान्य आहे. ड्रायव्हर संगणकाच्या अगदी आतल्या खोलीत शिरून काम करतो. तिथे जुनापुराणा, न तपासलेला माणूस शिरू दिला तर चोरही त्याच दाराने येतील. तेव्हा संगणकवाल्यांनी कुलूप बदललं, याबद्दल माझी तक्रार नाही. कंपनीने जन्मभर फुकट चाकरी करावी असंही मी म्हणत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. तुम्हाला दुभाष्या ठेवायचा नाही ना? नका ठेवू. पण मग डब्याची भाषा तरी जगाला सांगा! दुसरा कोणीतरी शिकेल आणि दुभाष्या होईल. स्वतः बोलायचं नाही आणि दुसऱ्यालाही शिकू द्यायचं नाही, याला आमच्याकडे अडवणूक म्हणतात.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली जुनी कागदपत्रं बहुतेक मोडीत. आज मोडी वाचणारे थोडे. तरीही ते कागद मुके झालेले नाहीत, कारण मोडी ही कुणा एकाच्या तिजोरीत नव्हती. शाळांतून ती गेली, तरी ज्याला हौस आहे तो आजही वर्गाला जाऊन शिकतो आणि शेदोनशे वर्षांपूर्वीचं पत्र वाचतो. पेशव्यांच्या कारकुनाचा कागद वाचता येतो आणि २००८ चा डबा मात्र मुका, याला प्रगती म्हणायचं का?

बरं, हे संगीताच्या धंद्यात अशक्य आहे असंही नाही. गिटारची ती जाड पिन, ६.३५ मिलिमीटरची, मुळात जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. आजही जगातल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारना चालते. १९८३ साली जपानच्या आणि अमेरिकेच्या स्पर्धक कंपन्यांनी एकत्र येऊन मिडी नावाची भाषा ठरवली. त्या काळचा कीबोर्ड आजच्या संगणकाला जोडला तर दोघं अजून एकमेकांशी बोलतात! लिनक्सवाल्या हौशी मंडळींनी काही जुन्या गिटार-डब्यांचे दुभाषी स्वतः खपून लिहिले आहेत. आमचा डबा त्यांत नाही, हे आमचं नशीब.

मी स्वतःही हे भोगलं आहे. नोकरीत असताना मराठीच्या प्रश्नपत्रिका मी संगणकावर टंकत असे. तेव्हाच्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असत. संगणक बदलला, फाँट गेला, आणि माझ्या प्रश्नपत्रिकांची इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. आज हा ब्लॉग मी युनिकोडमध्ये लिहितो. तो कुणा एका दुकानाचा नाही, म्हणून अमेरिकेतली माझी पुतणीही फाँट न मागता वाचते. जे सगळ्यांचं असतं ते टिकतं, एवढा धडा मला त्यातून मिळाला.

सरकारचंही पाहिलं. दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही निघालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. वाद्यं त्यात नाहीत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांत उत्पादकावर कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. चांगलंच आहे. पण म्हणजे मेल्यावर तिरडी कोणी उचलायची ते ठरलं, जित्याला जगवायचं कोणी ते राहिलंच!

माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी कंपनी ड्रायव्हर सोडेल, त्या दिवशी तिने डब्याची भाषा लिहून जाहीर करावी. आणि विकतानाच खोक्यावर छापावं, 'याला आमचा दुभाष्या अमुक सालापर्यंत मिळेल.' औषधाच्या बाटलीवर तारीख असते, मग हजारोंच्या यंत्रावर का नको?

तुम्ही कोणी असलं काही घेणार असाल तर दुकानदाराला विचारा, "वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतं का?" चालत असेल तरच घ्या. आणि संगणक बदलण्याआधी जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर मिळतात का ते बघा. आम्ही उलट क्रमाने केलं.

आता एवढा संताप का, ते सांगतो. भाच्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आखाजीची झोक्यावरची गाणी तिला जितकी येतात तितकी आमच्या घरात आता कुणालाच येत नाहीत. दिवाळीनंतर ती सगळी रेकॉर्ड करायची ठरली होती. डब्याच्या नादात दोन महिने गेले. त्यात तिला खोकला झाला आणि आवाज बसला.

शेवटी भाच्याने डब्याच्या त्या जाड पिनेच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या माइकच्या भोकात घातली. संगणकावरून सूर बदलायची, साठवायची सोय गेली ती गेलीच. पण आवाज आत गेला. अकरा गाणी झाली. मागे बारीक घूंऽऽ असा आवाज आहे आणि अक्काचा वरचा सूर आता लागत नाही. ती हसून म्हणाली, मीबी जुनी झाले ना रे भाऊ.

तिचा सूर परत आणणं कुणाच्या हातात नव्हतं. ते दोन महिने मात्र वाचवता आले असते.

असो. तुमच्याकडे असा जित्ता पण मुका झालेला डबा असेल तर जरूर कळवा.