माळ्यावरचा डबा आणि नाताळची वाईन

नोव्हेंबर उजाडला की आमच्या धर्मग्रामात घरोघरी चिनी मातीची बरणी माळ्यावरून खाली येते. तिच्यासोबत एक डबाही उतरतो. त्यात गेल्या वर्षी उरलेले बेदाणे असतात, रबरबँड गुंडाळलेली यीस्टची अर्धी पुडी असते, पुरचुंडीत लवंग-दालचिनी असते. हे सारे बरणीत पडते आणि नाताळच्या दिवशी आम्हां धर्मगुरूंपुढे मोठ्या प्रेमाने पेला केला जातो. प्रेमाविषयी आम्हांला शंका नाही; पेल्याविषयी आहे.

हा विषय काढला की ठरावीक उत्तर मिळते : "फादर, वाईन जितकी जुनी तितकी चांगली." कोणी तर लूकच्या शुभवर्तमानाचा (५:३९) दाखला देतात. जुन्या द्राक्षारसाची थोरवी तेथे आहे खरी, पण ती द्राक्षारसाची. यीस्टच्या पुडीची नव्हे. मुरणे वेगळे आणि शिळे होणे वेगळे. आमच्या स्वयंपाकघरांत या दोहोंची सर्रास गल्लत होते.

साखरेपासून मद्यार्क तयार होतो तो जिवंत पेशींच्या कार्यामुळे, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केले. जिवंत म्हटले की मरणही आले. यीस्टची सीलबंद पुडी थंड व कोरड्या जागी साधारण दोन वर्षे टिकते. फोडलेली पुडी हवाबंद बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावी आणि काही महिन्यांत संपवावी. आमच्याकडे ती पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्याची काहिली सोसते आणि त्यावर चार महिन्यांचा दमट पावसाळा काढते. तिची परीक्षा अगदी सोपी आहे. अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर साखर व थोडे यीस्ट घालावे. दहा-पंधरा मिनिटांत फेस आला नाही तर पुडी टाकून द्यावी. पण येथे आमच्या काटकसरी भगिनी म्हणतात, "थोडे जास्त घालू." मेलेल्यांची संख्या वाढवून काम कसे होणार? यीस्ट स्वस्थ पडून राहते आणि बरणीचा ताबा बुरशी व व्हिनेगर करणारे जंतू घेतात.

बेदाण्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. ओल धरलेल्या बेदाण्यांवर वाढणाऱ्या काही बुरशी ऑक्रॅटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. ते मूत्रपिंडाला अपायकारक असून उकळल्याने वा आंबवल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. "धुऊन उन्हात वाळवले होते" हा बचाव म्हणूनच लंगडा. आणि बिघडलेली बाटली घरकामाच्या बाईला "तुम्हांला चालेल" म्हणून देऊन टाकण्याचा प्रकार तर आम्ही स्वतः पाहिला आहे. जे पाहुण्याला चालत नाही ते तिला का चालावे? ती बाटली मोरीत ओतावी.

"आमच्या आजीने कधी तारीख पाहिली नाही," असेही ऐकतो. मान्य. पण आजीच्या घरी वर्षभर ठेवण्याइतके उरतच काय होते? वाण्याकडून पुडा आला की तो बरणीत जाई. साखर कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे टिकते, एवढेच आजीच्या बाजूने बोलता येईल. गूळ मात्र पावसाळ्यात पाझरतो.

आम्हांला खरा राग येतो तो याचा, की हे सारे नाशिकमध्ये घडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या पाट्यांनी बाजार भरून वाहतो, तेव्हा बरणी माळ्यावर झोपलेली असते! बागलाणची पूर्वहंगामी द्राक्षे डिसेंबरच्या सुमारास येतात, पण नाताळच्या बरणीला तोवर उशीर झालेला असतो. मग मार्चमध्येच ताज्या द्राक्षांची वाईन का घालू नये? नऊ महिने थांबायचेच असेल तर वाईनने थांबावे, बेदाण्यांनी नव्हे. (१९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य करण्यास मनाई आहे, हेही सांगणे आमचे कर्तव्य. त्या कारणास्तव ज्यांनी बरणीच बंद केली, त्यांच्याशी आमचे भांडण नाही.)

वेदीवरचा द्राक्षारस न बिघडलेला असावा, असे कॅनन लॉचे ९२४वे कलम बजावते. घरच्या पेल्याला ते कलम लागू नाही, असे एका गृहस्थांनी आम्हांला ऐकवले. नाही लागू. मात्र त्यांच्या घरचा पेला आम्ही गेल्या नाताळात तोंडाला लावून खाली ठेवला होता, हे त्यांना आठवत असेल.

मार्चमध्ये वाईन घालणाऱ्यांनी एक सांभाळावे : बुडबुडे पूर्ण थांबल्याशिवाय बुचे घट्ट बसवू नयेत, नाहीतर उन्हाळ्यात बाटल्या फुटतात.