रेपो उतरला, घराचा हप्ता का उतरला नाही?

रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये रेपो दर चार टप्प्यांत 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला. राजारामपुरीत एकाच गल्लीतल्या दोन कर्जदारांना मात्र त्याचा फायदा सारखा मिळेलच असे नाही. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात. त्याआधीचे कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेटवर अडकले असेल, तर कपात उशिरा आणि अर्धवट पोहोचते. अर्ज करून, शुल्क भरून ते रेपोवर नेता येते. आई-वडिलांच्या कर्जाचा उतारा घरातल्या शिकलेल्या पोरांनी एकदा तरी वाचायला हवा.

दर उतरल्यावर हप्ता कमी करण्याचा मोह होतो. 20 लाख, 20 वर्षे, 9 टक्के म्हणजे हप्ता सुमारे 17,995 रुपये. दर 8 टक्के असता तर 16,729. पण सुरुवातीलाच दर 8 वर आला आणि हप्ता जुनाच ठेवला, तर कर्ज सुमारे तीन वर्षे आधी फिटते. झेपत असेल तर माझे मत जुन्या हप्त्याला.

नव्या खरेदीदारासाठी पंतप्रधान आवास योजनेत 1.80 लाखांपर्यंत व्याज अनुदान आहे. पण घराची किंमत 35 लाखांच्या आत हवी; राजारामपुरीसारख्या मध्यवस्तीत ही अट जड जाते. रमाई आवासचे अनुदान स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी, फ्लॅटसाठी नव्हे.

आणि बदलत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना कुणी मुदतपूर्व फेडीचा दंड मागितला, तर नियम लेखी दाखवायला सांगा. तसा दंड घेताच येत नाही.