दोरी कापण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर मुलाच्या शिडाच्या होडीतून फिरत होतो. अचानक होडी अडली. लॉब्स्टरच्या सापळ्याची दोरी सुकाणूत अडकली होती. ‘काप ना!’ मी म्हणालो. ‘बाबा, कापली तर सापळा तळाशीच राहील,’ मुलगा म्हणाला. शीड उतरवल्यावर ताण सैलावला. आकडीच्या काठीने दोरी खाली दाबून त्याने होडी सोडवली.

तिथे एका परवान्यावर फार तर ८०० सापळे. प्रत्येक मच्छीमाराच्या बोयाचे रंग ठरलेले, म्हणजे जणू दारावरची पाटीच! आपली घटकाभराची सहल, त्याचा पोटापाण्याचा प्रश्न. वाट अडली की आपला हात आधी सुरीकडे जातो. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे आधी पाहायला नको का?