कुत्र्यांसह बिऱ्हाड

आमच्या घरात कोणतीही सहल ठरू लागली की शेवटी गाडी एकाच प्रश्नावर अडते. "भुऱ्या आणि राणीचं काय?" आजवर याचे उत्तर ठरलेले असे. कुणीतरी एकाने घरी राहायचे, आणि तो एक जण बहुधा मीच. या नाताळच्या सुटीत मात्र मुलीने निर्वाणीचे सांगितले, "जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही." भुऱ्या आता बारा वर्षांचा आहे. 'पुढच्या वर्षी नेऊ' असे सांगण्यासारखे त्याचे वय उरलेले नाही, हे ती बोलली नाही, पण मला कळले.

आमची दोन्ही कुत्री अस्सल गावठी. भुऱ्या तर एका पावसाळ्यात खासबागेतल्या यंत्रमागाच्या शेडमागे कुडकुडत सापडलेला. अशा मंडळींना एस.टी.त कोण घेणार? शेवटी गल्लीतल्या एका मित्राची जुनी टेंपो ट्रॅव्हलर आणि खुद्द मित्र, दोघेही तयार झाले. मागची आसने काढून गाद्या टाकल्या. स्टोव्ह, तांदळाची पिशवी, पाण्याचे कॅन आणि कुत्र्यांची ताटे चढवली. मुलगी म्हणाली, "ही आपली कॅराव्हॅन!" महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही रुळू लागला आहे. सौ.ने एकूण पसारा बघून साधा मराठी शब्द वापरला, "बिऱ्हाड."

निघण्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरांना गाठले. वाचकांपैकी कुणाला असा बेत करायचा असेल तर त्यांच्या सूचना उपयोगी पडतील. रेबीजची लस टोचलेली असावी आणि त्याचा दाखला जवळ ठेवावा. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नये, पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. बंद गाडीत कुत्र्याला एकटे ठेवू नये, कारण उन्हात आतली हवा काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. समुद्राचे पाणी पिऊ देऊ नये, त्याने उलट्या-जुलाब होतात. दुपारच्या वाळूत नेऊ नये, पंजे भाजतात. एवढे सारे ऐकून मित्र म्हणाला, "सर, वऱ्हाड न्यायचं ह्यापेक्षा सोपं."

पहाटे वेंगुर्ला रस्त्याला लागलो. हिंडलगा, शिनोळी मागे पडले. पाटणे फाट्यापुढे एका वळणावर अचानक रस्ताभर मेंढरे दिसली. मित्राने ब्रेक दाबला आणि सवयीने हॉर्नही. मेंढरे बिचकून दोन्हीकडे पांगली. एक काळे, हाडकुळे कुत्रे मात्र आमच्या गाडीसमोर आडवे उभे राहिले. हॉर्न वाजला तरी ते हलले नाही. भुंकलेही नाही. शेवटचे लंगडे कोकरू पलीकडे पोहोचेपर्यंत ते आमच्याकडे बघत उभे होते, आणि मग शांतपणे कळपामागे निघून गेले. गाडीतली आमची दोघे काचेला नाक लावून बघत होती. एरवी मांजर दिसले तरी गल्ली डोक्यावर घेणारी ही जोडी त्या वेळी चिडीचूप होती.

गाडी बाजूला घेऊन आम्ही उतरलो. भातकापणी झालेल्या शेताकडे वाडा निघाला होता. दोन घोड्यांवर सारा संसार लादलेला. भांडी, घोंगडी, जाळी, टोपलीत कोंबड्या आणि एका पोत्यातून डोके बाहेर काढलेले चार दिवसांचे कोकरू. लगाम बायकांच्या हातात. पुढच्या तळावर आधी पोहोचून चूल मांडायची ती त्यांनीच.

"मामा, कुठलं गाव?" मी विचारले.

"निपाणीकडचं. दिवाळी झाली की भाईर पडायचं, पावसाच्या तोंडाला माघारी."

पांढरा पटका बांधलेले ते मामा बोलके होते. भात निघालेल्या रानात रात्री मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंडी-मुताने जमीन कसदार होते, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो. हा व्यवहार फार जुना. सातारा, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतले कितीतरी वाडे याच हिशेबाने दिवाळीनंतर घाट उतरून थेट कोकणात जातात. पावसाळ्यात मात्र तिथे राहता येत नाही. चिखलात दख्खनी मेंढरांचे खूर सडतात, म्हणून मृगाच्या आत देशावर परतायचे. आपण 'कॅराव्हॅन' म्हणून ज्याचे कौतुक करतो ते घोडी आणि कुत्री घेऊन किनाऱ्यापर्यंत जाणारे बिऱ्हाड ही माणसे पिढ्यान् पिढ्या चालवत आली आहेत. ती हौस नाही, पोट आहे. कागल तालुक्यातल्या यमगे गावचे बिरदेव डोणे २०२५ साली यूपीएससी उत्तीर्ण झाले, तेव्हा निकालाची बातमी त्यांना बेळगाव भागात मेंढरे राखत असतानाच मिळाली होती, हे पुष्कळांना आठवत असेल.

मित्राने ओशाळून हॉर्नबद्दल माफी मागितली. मामा म्हणाले, "तुमी थांबलासा तरी. ह्या काळ्याची आई अशीच आडवी हुभी व्हती. मागल्या म्हैन्यात हायवेला रातचं गाडीनं उडवली. मेंढरू एक न्हाई गेलं, ती गेली. गाडी थांबली बी न्हाई."

कुणालाच काही सुचेना. मग मामांनीच आमच्या गाडीत डोकावून विचारले, "आन् ही दोगं काय राखत्यात?"

मुलगी म्हणाली, "आम्हाला."

मामा मोठ्याने हसले. "मग हाय की काम!"

आंबोलीचा घाट उतरताना राणीने दोनदा उलटी केली, सौ.ने एकदा. दाणोली, सावंतवाडी करत दुपारी किनाऱ्याजवळ पोहोचलो. फोनवर बोलून ठेवलेल्या लॉजच्या दारातच मॅनेजरने हात आडवा केला, "माणसं चालतील, कुत्री नाहीत." धर्मराजाला स्वर्गाच्या दारात इंद्राने नेमके हेच सांगितले होते. त्याने कुत्र्याशिवाय स्वर्ग नाकारला. आम्हीही लॉज नाकारले, पण धर्मराजाला सोबत भुकेलेली मुलगी आणि चिडलेली सौ. नव्हती. गंमत म्हणजे मॅनेजरच्या डोक्यावर दत्ताची तसबीर होती आणि तीत चार कुत्री होती.

दोन-तीन ठिकाणी नकार ऐकल्यावर शिरोड्याजवळच्या एका वाडीत एका आजींनी विचारपूस केली. "कुत्र्यांक खळा आसा, तुमका पडवी. रवा." एवढेच बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

१९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाने नाव झालेले, वि. स. खांडेकरांनी कित्येक वर्षे शाळेत शिकवले ते हे शिरोडे. संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. राणी लाटांवर भुंकून भुंकून थकली. भुऱ्या हळूहळू पाण्यापर्यंत गेला, पाय भिजल्यावर एक पाऊल मागे सरकला आणि तिथेच बसून राहिला. मुलगी त्याच्या शेजारी बसली. कितीतरी वेळ दोघे काही न करता समुद्राकडे बघत होते. तेवढ्यात राणी वाळू उकरू लागली. तिथे जाळे आवरणाऱ्या एकाने लगेच हाक मारली आणि तिला साखळी लावायला सांगितले. थंडीच्या दिवसांत या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. कुत्री ती उकरून खातात. आपले लाडके जनावर दुसऱ्याच्या पिलांचा काळ ठरू नये, हे भान सहलीलाही हवे. पुढचे दोन दिवस साखळी हातातून सुटली नाही.

रात्री भुऱ्या सारखा उठून बसे. आधी वाटले, तब्येत बिघडली. मग लक्षात आले, जन्मभर मागांच्या खडखडाटात झोपलेल्या त्या जिवाला कोकणातली शांतता सोसवत नव्हती.

परतताना सावंतवाडीत मुलीने गाडी थांबवायला लावली. मोटारसायकलींचे सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन खाऊच्या पैशांतून तिने रेडियमच्या पट्ट्या आणल्या. "काळ्याच्या गळ्यात बांधायच्या. रात्री गाडीच्या उजेडात चमकतील." मला शाबासकी द्यायचेही सुचले नाही.

पाटणे फाट्याजवळच्या त्या शेतात आम्ही पोहोचलो तेव्हा वाडा उठला होता. चुलीचे तीन दगड आणि शेतभर लेंड्या तेवढ्या मागे होत्या. शेतमालक म्हणाले, "तीन रात्री बसले. सकाळीच गेले, कुठल्या वाटेनं ते बघितलं नाही." मित्राने आपणहून गाडी आडरस्त्यांना घातली. अंधार पडेपर्यंत शोधले. काळ्या सापडला नाही.

त्या पट्ट्या आता मित्राच्या गाडीत पुढच्या कप्प्यात आहेत. जो वाडा दिसेल त्यातल्या कुत्र्यांना बांधायच्या, असे ठरले आहे. आतापर्यंत तीन बांधून झाल्या. उन्हाळाभर ही बिऱ्हाडे आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात फिरत असतात. वाचकहो, रस्त्यात मेंढरे दिसली तर हॉर्न वाजवू नका, इंजिन बंद करून दोन मिनिटे थांबा. आणि एखादे काळे, हाडकुळे कुत्रे तुमच्या गाडीसमोर आडवे उभे राहिले, तर मामांना सांगा, खासबागेतली एक मुलगी त्याची चौकशी करते आहे.